मैदानापर्यंतची वाट

11 मार्च 2020. जागतिक आरोग्य संघटनेनं कोविडला महासाथ म्हटलं तो दिवस. त्याच तारखेला तीन मैदानांवर तीन वेगळ्या गोष्टी घडल्या. लिव्हरपूलच्या अ‍ॅनफिल्डवर अ‍ॅटलेटिको माद्रिदविरुद्धचा फुटबॉल सामना 52 हजार प्रेक्षकांसमोर झाला. त्यांतले सुमारे तीन हजार माद्रिदहून आले होते. माद्रिदमधल्या शाळा त्याच दिवशी बंद झाल्या होत्या आणि स्पेनमधले सामने रिकाम्या मैदानात खेळवायचे असंही ठरून गेलं होतं. म्हणजे ज्याला स्वतःच्या शहरात सामना पाहायला बंदी होती, तो माणूस परदेशातल्या गच्च भरलेल्या स्टँडमध्ये बसू शकत होता. पॅरिसमध्ये पीएसजी आणि डॉर्टमुंड हे फुटबॉल संघ रिकाम्या मैदानात खेळले, पण मैदानाच्या भिंतीबाहेर हजारो चाहते एकमेकांना खेटून गात उभे होते. आणि ओक्लाहोमा सिटीत बास्केटबॉलचा सामना सुरू होता होता थांबवला गेला. पाहुण्या संघातला रूडी गोबेअर बाधित निघाला होता. प्रेक्षकांना घरी जायला सांगितलं आणि त्याच रात्री एनबीए या अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगनं हंगाम स्थगित केला.

या तिन्हींपैकी पॅरिसचा प्रसंग मला सगळ्यात जास्त शिकवून गेला. तिथे नियम तंतोतंत पाळला गेला. आत एकही प्रेक्षक नव्हता. आणि तरीही गर्दी झाली, तीही कुणाचं नियंत्रण नसलेली.

पुढची दोन वर्षं जगभर वाद झाला तो मात्र एकाच आकड्याभोवती. मैदान किती भरू द्यायचं? पंचवीस टक्के, तेहेतीस टक्के, पन्नास टक्के. सरकारं टक्के जाहीर करत, आयोजक ते वाढवून मागत, डॉक्टर कमी करा म्हणत. हा आकडा मुळातच चुकीच्या जागी लावला जात होता, असं माझं मत आहे. टक्के मोजले ते खुर्च्यांचे. उघड्या मैदानातली खुर्ची ही प्रेक्षकाच्या त्या दिवसातली त्यातल्या त्यात सुरक्षित जागा असते. डोक्यावर आभाळ, अंगावर वारा, सगळ्यांची तोंडं एका दिशेला. धोका असतो तो खुर्चीपर्यंत जाण्यात आणि तिथून परतण्यात. रेल्वेचा डबा, फाटकापुढची रांग, जिना, मध्यंतरातलं स्वच्छतागृह, सामन्याआधी आणि नंतर भरणारा बार. प्रेक्षकांना परत आणायचं असेल तर ही सगळी वाट मोजायला हवी आणि तिच्यात जी जागा सगळ्यात अरुंद असेल तिच्यावरून प्रेक्षकांची संख्या ठरवायला हवी.

इटलीतल्या बर्गामोची गोष्ट बहुतेकांना ठाऊक आहे, पण ती नेहमी मैदानाची गोष्ट म्हणून सांगितली जाते. 19 फेब्रुवारी 2020 ला अटलांटा या तिथल्या संघाचा चॅम्पियन्स लीगमधला सामना व्हॅलेन्सियाशी होता. बर्गामोचं स्वतःचं मैदान या स्पर्धेच्या निकषांत बसत नव्हतं, म्हणून सामना मिलानच्या सान सिरोवर ठेवला होता. सव्वा लाखाच्या आसपास वस्तीचं शहर, आणि सामन्याला हजर होते चाळीस हजारांवर प्रेक्षक. त्यांतले बहुतेक बर्गामो आणि आसपासच्या गावांतून बसनं, रेल्वेनं, मित्रांच्या गाड्यांमधून दाटीवाटीनं आलेले. अटलांटानं 4-1 असा विजय मिळवला, म्हणजे चार वेळा मिठ्या आणि चार वेळा आरोळ्या. तिकीट न मिळालेल्यांनी तोच सामना बर्गामोतल्या घरांत आणि बारमध्ये एकत्र बसून पाहिला. एक-दोन दिवसांत इटलीतल्या स्थानिक लागणीचा पहिला रुग्ण उघड झाला. महिनाभरात बर्गामोतून शवपेट्या घेऊन निघालेल्या लष्कराच्या ट्रकांची रांग जगानं पाहिली.

सगळा दोष त्या एका सामन्यावर टाकणं बरोबर नाही. विषाणू त्याआधीच लोम्बार्डीत, म्हणजे बर्गामो ज्या प्रांतात येतं तिथे, पसरत होता, हे नंतर स्पष्ट झालं. पण त्या रात्रीचा नकाशा डोळ्यांपुढे आणा. मैदानातले दोन तास हा त्यातला एक तुकडा. जाण्यायेण्याचे तास, बंद काचांच्या बसगाड्या, बारमधली टेबलं हे उरलेले तुकडे. सान सिरोत त्या रात्री निम्मीच माणसं सोडली असती, तरी उरलेली निम्मी बर्गामोतच कुठेतरी छपराखाली एकत्र बसली असती.

हा तर्क आकड्यांनी तपासायची संधी 2021 च्या उन्हाळ्यात मिळाली. वर्षभर लांबलेली फुटबॉलची युरो स्पर्धा अकरा शहरांत झाली. 18 जूनला लंडनच्या वेम्बलीवर इंग्लंड आणि स्कॉटलंड समोरासमोर आले. स्कॉटलंडच्या आरोग्य यंत्रणेनं नंतर हिशेब काढला. युरोशी निगडित कार्यक्रमांना जाऊन आलेले 1,991 बाधित त्यांना सापडले. त्यांपैकी 1,294 जण लंडनला गेले होते. आणि त्या 1,294 मधले प्रत्यक्ष वेम्बलीच्या आत पाऊल टाकलेले होते फक्त 397. म्हणजे जवळजवळ नऊशे माणसं मैदान न पाहताच आजार घेऊन परतली, किंवा आजार घेऊन गेली आणि कुणाला तरी देऊन आली. मैदानाची क्षमता किती टक्के ठेवली याचा या नऊशे जणांशी काही संबंध नव्हता. त्यांच्यासाठी कुणी काही ठरवलंच नव्हतं.

त्याच स्पर्धेचा अंतिम सामना 11 जुलैला वेम्बलीवर झाला, 67 हजारांहून अधिक प्रेक्षकांसमोर. इंग्लंडच्या आरोग्य यंत्रणेच्या अंदाजानुसार त्या दिवशी मैदानात आणि मैदानाभोवती 2,295 जण बहुधा संसर्ग पसरवण्याच्या अवस्थेत होते आणि 3,404 जणांना त्या सुमारास लागण झाली असावी. विम्बल्डनचा पुरुष एकेरीचा अंतिम सामना त्याच शहरात, त्याच दिवशी होता. दोन आठवड्यांच्या त्या स्पर्धेला सुमारे तीन लाख प्रेक्षक आले आणि तिथे लागण झाली असावी असा अंदाज निघाला 299 जणांबद्दल. पुढच्याच आठवड्यात सिल्व्हरस्टोनला मोटार शर्यतीसाठी साडेतीन लाखांच्या घरात माणसं जमली, तिथला अंदाज होता 242.

एकच देश, डेल्टाची तीच लाट, काही दिवसांचंच अंतर आणि आकड्यांत एवढी तफावत. प्रेक्षकांचं वय आणि लसीकरण वेगवेगळं होतं, हे मान्य आहे. टेनिस पाहणाऱ्यांतल्या पन्नाशीपुढच्या माणसांचे दोन्ही डोस झाले होते, तर फुटबॉलच्या विशी-तिशीतल्या पोरांना लस उशिरा मिळाली. पण एवढ्यानं सगळा फरक भरून निघत नाही. वेम्बलीभोवती त्या दिवशी सकाळपासून गर्दी होती. दारू वाहत होती, तिकीट नसलेला जमाव फाटकं फोडून आत घुसला, रस्त्यावरच्या माणसांची संख्या कुणाच्याच हातात राहिली नाही. खुर्च्यांची मर्यादा कागदावर होती. वाट मोकाट होती.

आता फाटकाकडे येतो, कारण या प्रश्नाचा गाभा तिथे आहे असं मला वाटतं.

मैदानांना गर्दीचं शास्त्र नवीन नाही. ते त्यांनी मरणातून शिकलेलं आहे. 1971 मध्ये ग्लासगोच्या आयब्रॉक्सवर सामना संपल्यावर जिन्यावर चेंगराचेंगरी होऊन 66 माणसं गेली. 1989 मध्ये इंग्लंडमधल्या हिल्सबरो मैदानावर बाहेरची गर्दी आवरेना म्हणून फाटक उघडलं, लोंढा एकाच बोगद्यातून दोन कोंडलेल्या भागांत शिरला आणि त्यात अखेर 97 जीव गेले. आयब्रॉक्सनंतर ब्रिटनमध्ये मैदानांच्या सुरक्षिततेची एक मार्गदर्शिका आली, तिला ग्रीन गाइड म्हणतात. तिचा मूळ नियम मला फार शहाणपणाचा वाटतो. मैदानात किती माणसं मावतात, ठरलेल्या वेळात किती आत येऊ शकतात, किती बाहेर पडू शकतात आणि आणीबाणीत किती सुटू शकतात, हे चार आकडे वेगवेगळे काढायचे. त्यांतला सगळ्यात लहान आकडा ही त्या मैदानाची खरी क्षमता. खुर्च्या पन्नास हजार असतील, पण जिन्यांवरून वेळेत तीसच हजार उतरू शकत असतील, तर ते मैदान तीस हजारांचं.

महासाथीत हे शास्त्र बाजूला ठेवून आपण पुन्हा खुर्च्या मोजायला लागलो.

एक साधा हिशेब करून पाहू. त्याच मार्गदर्शिकेनुसार एका फिरत्या फाटकातून तासाला जास्तीत जास्त 660 माणसं आत घेता येतात, म्हणजे माणशी साडेपाच सेकंद. समजा, मैदान चाळीस हजारांचं आहे आणि त्याला अशी चाळीस फाटकं आहेत. सगळी नीट चालली तर तासाला 26,400 माणसं आत जातील आणि पूर्ण मैदान दीड तासात भरेल. आता साथ आली. क्षमता निम्मी केली, वीस हजार. पण प्रत्येकाचं लसीचं प्रमाणपत्र पाहायचं, ओळखपत्राशी ताडून बघायचं, कपाळावर तापमापक धरायचा. त्याला माणशी फक्त दहा सेकंद जास्त धरा. एका फाटकाचा वेग तासाला 233 वर येतो, चाळीस फाटकांचा साडेनऊ हजारांच्याही खाली. वीस हजार माणसं आत जायला दोन तासांहून जास्त वेळ लागतो. म्हणजे निम्मं मैदान भरायला पूर्ण मैदानापेक्षा जास्त वेळ, आणि तो सगळा वेळ माणसं फाटकाबाहेर एकमेकांच्या मानेवर श्वास सोडत उभी. शिवाय प्रेक्षक निम्मे म्हणून कर्मचारीही कमी ठेवले आणि चाळिसातली वीसच फाटकं उघडली, तर चार तास. सुरक्षिततेसाठी केलेल्या तपासणीतूनच धोका तयार होतो, तो असा.

म्हणून फाटकावर करायची प्रत्येक तपासणी फाटकापासून दूर नेली पाहिजे. कागदपत्रं आदल्या दिवशी घरबसल्या तिकिटाला जोडून घ्यावीत. फाटकावर फक्त तिकीट वाचलं जावं. येण्याची वेळ तिकिटावरच छापावी, पूर्वेच्या स्टँडला अमुक वाजता, उत्तरेच्या स्टँडला त्यानंतर अर्ध्या तासानं. आणि प्रेक्षक कितीही कमी असोत, फाटकं सगळी उघडावीत. त्याला पैसे लागतात, हे खरं आहे. पण निम्मं तिकीट विकून निम्म्याच कर्मचाऱ्यांवर भागवायचं असेल, तर मैदान उघडू नये असं मी स्पष्ट म्हणेन.

जर्मनीतल्या हाले विद्यापीठानं 22 ऑगस्ट 2020 ला लाइपझिगच्या एका बंदिस्त क्रीडागृहात हाच प्रश्न प्रयोगातून तपासला. सुमारे 1,400 निरोगी स्वयंसेवकांना आधी चाचणी करून बोलावलं, प्रत्येकाच्या गळ्यात अंतर मोजणारं छोटं यंत्र अडकवलं आणि गायक टिम बेंड्झको याच्या मैफिलीला बसवलं. मैफल हे निमित्त होतं. हँडबॉल, बास्केटबॉलसारखे छपराखालचे खेळ पुन्हा प्रेक्षकांसमोर कसे खेळवायचे, हेही त्यातून शोधायचं होतं. बसण्याच्या तीन वेगवेगळ्या रचना करून पाहिल्या. निष्कर्ष दोन निघाले आणि दोन्ही बोलके आहेत. एक, माणसं एकमेकांच्या फार जवळ आणि फार वेळ आली ती मुख्यतः आत शिरताना आणि मध्यंतरात. दोन, हवा खेळती असेल तर धोका बराच उतरतो आणि हवा कोंडलेली असेल तर अंतर ठेवूनही तो चढतो.

दुसऱ्या निष्कर्षाकडे साथीच्या काळात हवं तेवढं लक्ष गेलं नाही. खुर्च्या पुसण्यावर, फवारणीवर, दारात हातावर सॅनिटायझर ओतण्यावर किती मेहनत गेली. विषाणू मुख्यतः श्वासातून हवेत आणि हवेतून दुसऱ्याच्या श्वासात जातो, हे कळून चुकल्यावरही पुसणं चालूच राहिलं, कारण पुसणं दिसतं. हवा दिसत नाही. पण ती मोजता येते. बाहेरच्या हवेत कार्बन डायऑक्साइडचं प्रमाण दहा लाख भागांत साधारण 420 भाग असतं. खोलीत माणसं वाढली आणि खिडक्या बंद राहिल्या की ते हजाराच्या पुढे जातं, म्हणजे आपण दुसऱ्यांनी सोडलेला श्वास पुन्हा घेतो आहोत. हे सांगणारं यंत्र हातात मावतं. जपानमध्ये योकोहामा स्टेडियमवर 2020 च्या ऑक्टोबरअखेरीस बेसबॉलच्या तीन सामन्यांना मुद्दाम जास्त प्रेक्षक घेतले आणि कॅमेऱ्यांनी गर्दीचा ओघ, तर यंत्रांनी कार्बन डायऑक्साइड मोजला. मैदानाच्या प्रत्येक स्वच्छतागृहात, जिन्याखालच्या प्रत्येक मार्गिकेत असं यंत्र भिंतीवर असावं आणि त्यावरचा आकडा प्रेक्षकालाही दिसावा. आकडा चढला की तो भाग थोडा वेळ बंद.

इथे एक गोष्ट बोलून टाकतो. या हिशेबानं मैदानातली सगळ्यात धोक्याची बैठक कुठली, तर काचेनं बंद केलेली वातानुकूलित खासगी दालनं. तीच सगळ्यात महाग असतात. मैदान पुन्हा उघडताना आयोजकांना ती आधी भरावीशी वाटतील, हे समजतं. पण ती सगळ्यात शेवटी उघडायला हवीत आणि उन्हावाऱ्यातली स्वस्त बैठक सगळ्यात आधी.

आवाजाचा प्रश्न अवघड आहे. माणूस जितक्या मोठ्यानं बोलतो तितके सूक्ष्म थेंब जास्त बाहेर टाकतो, हे प्रयोगांतून दिसलेलं आहे. ओरडणं आणि गाणं तर त्याहून पुढचं. जपाननं यावर उपाय काढला. प्रेक्षक 10 जुलै 2020 पासून बेसबॉलला परतले, सुरुवातीला एका सामन्याला पाच हजारांपर्यंत, आणि अट अशी की ओरडायचं नाही, टाळ्या वाजवायच्या. लोकांनी ते पाळलं. सगळीकडे हे जमेल असं मला वाटत नाही. आपला संघ शेवटच्या क्षणी जिंकतो तेव्हा तोंडातून आरोळी निघते, ती नियमाला विचारून निघत नाही. त्यामुळे मी या बाबतीत मास्कवर भिस्त ठेवेन, तीही खुर्चीवर असतानापेक्षा जिन्यावर, मार्गिकेत आणि गाडीत जास्त. माणसांना एकच गोष्ट पाळायला सांगायची तर ती जिथे सगळ्यात उपयोगी तिथे सांगावी.

आणखी एक उपाय आहे. त्याला विज्ञान लागत नाही, यंत्र लागत नाही. तिकिटाचे पैसे परत करणं. सामन्याच्या दिवशी सकाळी एखाद्याला घसा खवखवतो. तिकीट महिन्यापूर्वी काढलेलं, पैसे बुडणार, मित्र खाली गाडी घेऊन उभे. तो जाणार. त्याला बेजबाबदार म्हणून काही साधत नाही, कारण नियमच त्याला आजार लपवायला भाग पाडतो. सामना सुरू होण्याच्या तासभर आधीपर्यंत कुठलाही पुरावा न मागता पूर्ण पैसे परत, हा नियम कपाळावर धरलेल्या तापमापकाहून जास्त बाधित माणसं मैदानाबाहेर ठेवेल अशी माझी खात्री आहे. तापमापक तसाही फारसा उपयोगाचा नव्हता. लक्षणं दिसण्याआधीच माणूस हा आजार पसरवू लागतो, आणि ताप उतरवणारी गोळी घेऊन आत जाता येतं.

आणि जे तिकीट काढून येत नाहीत, त्यांचं काय? फाटकावर उभा असलेला, स्टँड झाडणारी, पाण्याच्या बाटल्या विकणारा, स्वच्छतागृहात दिवसभर उभी असलेली बाई. प्रेक्षक हंगामात दोन-चार सामन्यांना येतो, ही माणसं प्रत्येक सामन्याला तिथे असतात आणि बरोबर त्याच जागी असतात जिथली हवा सगळ्यात वाईट आहे. खेळाडूंसाठी जैवसुरक्षित कडं उभं केलं, त्यांच्या रोज चाचण्या झाल्या. या माणसांना अनेकदा एक मास्क आणि हातमोजे मिळाले. मैदान उघडण्याची परवानगी मागणाऱ्या अर्जात पहिलं पान या लोकांचं असावं. त्यांच्या चाचण्या कोण करणार, लस कधी देणार, ते आजारी पडले तर घरी बसलेल्या दिवसांचा पगार मिळणार का. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर नाही असं असेल, तर तेही ताप लपवून कामावर येतील, अगदी त्या तिकीटवाल्यासारखेच.

बसण्याची जागा नक्की ठरलेली असणं किती कामाचं असतं, हे मेलबर्नमध्ये दिसलं. डिसेंबर 2020 मध्ये भारत-ऑस्ट्रेलिया कसोटीला दिवसाला तीस हजार प्रेक्षक घेत होते. 27 डिसेंबरला येऊन गेलेला एक प्रेक्षक नंतर बाधित निघाला. आरोग्य विभागानं तीस हजार जणांना वेठीला धरलं नाही. ग्रेट सदर्न स्टँडच्या पाचव्या विभागात दुपारी साडेबारा ते साडेतीन या वेळात होते त्यांनी चाचणी करून घ्यावी आणि घरी थांबावं, एवढंच सांगितलं. लगेच पुढच्या सिडनी कसोटीत प्रेक्षक पाव क्षमतेवर आणले आणि मास्क सक्तीचा केला. घाबरणं नाही आणि दुर्लक्षही नाही, असा प्रतिसाद मला तरी त्या काळात क्वचितच दिसला.

लसीच्या प्रमाणपत्राबद्दल माझं मत मध्यम आहे. 2021 च्या मध्यावर त्याला अर्थ होता. वर्षाच्या अखेरीस ओमिक्रॉन आला, लस घेतलेल्यांकडूनही तो सर्रास पसरू लागला आणि प्रमाणपत्राचं वजन उतरलं. लस घेणाऱ्याचा जीव ती वाचवत राहिली, ती गोष्ट वेगळी. पुढच्या साथीचा विषाणू कसा असेल, लस कधी येईल, ती लागण रोखेल की फक्त आजार सौम्य करेल, यांवर मैदानाची सगळी योजना टांगून ठेवता येत नाही. मोकळी हवा आणि रुंद वाट कुठल्याही उत्परिवर्तनाला लागू पडते.

या सगळ्यावर एक आक्षेप मी अनेकदा ऐकला आहे आणि तो प्रामाणिक आहे. माणसं मरत असताना खेळ पाहण्यासाठी एवढा खटाटोप कशाला? घरी बसून पाहावं. साथीच्या ऐन लाटेत माझंही हेच उत्तर आहे. रुग्णालयात खाट मिळत नसेल तेव्हा मैदान बंदच हवं. पण साथ दोन-तीन वर्षं चालते आणि त्या काळात लाटांच्या मध्ये मोकळे महिने येतात. त्या महिन्यांत मैदान बंद ठेवलं म्हणून माणसं एकटी बसत नाहीत. ती पॅरिससारखी भिंतीबाहेर जमतात, लिव्हरपूलनं तीस वर्षांनी इंग्लंडची फुटबॉल लीग जिंकली त्या जून 2020 च्या रात्री जमली तशी रिकाम्या अ‍ॅनफिल्डबाहेर जमतात, दारं-खिडक्या लावलेल्या बारमध्ये जमतात. सामना होणार असेल तर गर्दी होणार. मग ती उघड्या आभाळाखाली, ठरलेल्या खुर्चीवर, नाव आणि वेळ नोंदवून झालेली मला बरी वाटते.

शिवाय दूरचित्रवाणीच्या पैशावर तगणारे संघ थोडे आहेत. खालच्या श्रेणीतल्या असंख्य क्लबांचं पोट तिकीट खिडकीवर चालतं. मोठ्या संघांनी रिकाम्या मैदानात हंगाम पूर्ण केले, लहानांना ते परवडणारं नव्हतं. आणि खेळही बदलला. बुंडेसलिगा ही जर्मनीतली फुटबॉल लीग 16 मे 2020 ला रिकाम्या स्टँडसमोर पुन्हा सुरू झाली. त्यानंतरच्या सामन्यांचा अभ्यास केलेल्यांना दिसलं की यजमान संघाला मिळणारा फायदा घटला आणि पाहुण्या संघाला जास्त कार्ड दाखवण्याकडे असलेला पंचांचा कलही ओसरला. प्रेक्षक नुसते बघत नव्हते, ते सामन्याचा भाग होते, याचा हा मोजलेला पुरावा आहे.

मग उघडायचं कधी आणि बंद करायचं कधी? माझी सगळ्यात मोठी तक्रार या निर्णयांच्या पद्धतीबद्दल आहे. मार्च 2021 मध्ये अहमदाबादला भारत-इंग्लंड टी-ट्वेंटी मालिकेतले पहिले दोन सामने प्रेक्षकांसमोर झाले आणि उरलेले तीन रिकाम्या मैदानात. निर्णय मालिका चालू असताना, रुग्णवाढ डोळ्यांसमोर आल्यावर झाला. टोकियो ऑलिंपिकसाठी 21 जून 2021 ला ठरलं की एका ठिकाणी दहा हजारांपर्यंत प्रेक्षक येऊ शकतील. 8 जुलैला ठरलं की टोकियोत एकही नको. उद्घाटन 23 जुलैला होतं. दोन्ही ठिकाणी बंद करणं योग्यच होतं. पण कुठल्या आकड्यावर बंद होईल, हे आधी कुणालाच माहीत नव्हतं. त्यामुळे प्रत्येक निर्णय दबावाखाली झाला आणि लोकांना तो मनमानी वाटला. याउलट न्यूझीलंडमध्ये इशाऱ्याच्या पातळ्या आधीच ठरलेल्या होत्या. जून 2020 मध्ये देशात एकही सक्रिय रुग्ण उरला नाही, पातळी एकवर आली आणि त्याच आठवड्यात रग्बीचे सामने भरलेल्या मैदानात झाले. ऑकलंडला ईडन पार्कवर 43 हजार माणसं होती. तिथे कुणाला घासाघीस करावी लागली नाही.

असे आकडे साथ नसताना ठरवता येतात. रुग्णालयातल्या मोकळ्या खाटा, सांडपाण्यात सापडणाऱ्या विषाणूचं प्रमाण, चाचण्यांतल्या बाधितांचा वाटा. या तीन गोष्टी कुठल्या पातळीला आल्या की मैदान कसं उघडेल आणि कुठल्या पातळीला गेल्या की आपोआप बंद होईल, हे लिहून प्रसिद्ध करावं. निर्णय आरोग्य विभागाचा असावा, आयोजकाचा नव्हे. आणि रद्द झालेल्या सामन्याचं नुकसान एकट्या आयोजकाच्या डोक्यावर पडू नये, कारण तसं झालं तर तो शेवटच्या क्षणापर्यंत अडून बसेल. 2020 ची विम्बल्डन स्पर्धा 1 एप्रिललाच रद्द झाली. त्या आयोजकांकडे साथीचा विमा होता. विमा नसता तर निर्णय इतका लवकर झाला असता का, हा प्रश्न प्रत्येक क्रीडा मंडळानं स्वतःला विचारावा.

1919 मध्ये फ्लूच्या साथीत आइस हॉकीच्या स्टॅन्ली कपची अंतिम मालिका निकालाविना सोडून द्यावी लागली होती आणि मॉन्ट्रियलचा खेळाडू जो हॉल त्या आजारानं दगावला. शंभर वर्षांनी आपण पुन्हा सगळं पहिल्यापासून शिकलो. कोविडची जागतिक आणीबाणी मे 2023 मध्ये संपल्याचं जाहीर झालं आणि मैदानं पुन्हा गच्च भरली, ते पाहून मला आनंदच झाला. पण फाटकं तीच आहेत, स्वच्छतागृहांतल्या बंद खिडक्या त्याच आहेत, सामना संपल्यावर स्टेशनवर होणारी चेंगराचेंगरी तीच आहे.

आग लागली तर काय करायचं, याचा सराव मैदानं करतात. तसाच साथीचा सराव वर्षातून एकदा करता येईल. हंगामातला कमी गर्दीचा एखादा सामना निवडायचा. तिकिटावर येण्याची वेळ छापायची, सगळी फाटकं उघडायची, स्टँड एकामागून एक रिकामे करायचे, जादा गाड्या सोडायच्या, मार्गिकांत कार्बन डायऑक्साइडची यंत्रं लावायची. कुठल्या जिन्यावर किती मिनिटं खोळंबा झाला, कुठल्या खोलीत हवा कोंडली, हे नोंदवायचं आणि पुढच्या सामन्याआधी मैदानाच्या मुख्य फाटकावर लावायचं, तिकीट काढणाऱ्या कुणालाही वाचता येईल अशा ठळक अक्षरांत.